मामांना सांगा

मी सरावाचा पुतळा बोलतोय. कुणी मला डमी म्हणतं, कुणी नुसतंच 'ते', आणि जिथे माझ्या आयुष्याचं चीज झालं तिथे सगळे मला मामा म्हणतात. माझं तोंड कायम उघडं असतं, पण ते बोलण्यासाठी नाही. श्वास आत घेण्यासाठी आहे, आणि तो श्वासही दुसऱ्या कुणीतरी फुंकलेला. तरी आज बोलणार आहे. आजवर दुसऱ्यांचे निरोप माझ्यावर टाकले गेले. एकदा माझंही ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. रबराची कातडी, प्लॅस्टिकच्या फासळ्या, छातीत एक जाडजूड स्प्रिंग आणि गळ्यापाशी छोटा हिरवा दिवा. छाती पुरेशी खोल दाबली गेली की आतून 'टक्' असा आवाज येतो आणि दिवा लागतो. कमी दाबली तर मी गप्प. माझं सगळं शहाणपण त्या 'टक्'मध्ये आहे. पाय पोकळ आहेत, म्हणून मला उचलताना कुणाची कंबर धरत नाही. चेहरा मुद्दाम कुणासारखाच केलेला नाही. त्यामुळे होतं असं की, बघणाऱ्याला तो आपल्या ओळखीच्या कुणाचा तरी वाटतो. 'अगदी आमच्या काकांसारखा दिसतोस,' असं मला पुसताना कितीतरी जण म्हणाले आहेत, आणि प्रत्येकाचे काका वेगळे.

पहिल्यांदा मी एका नर्सिंग कॉलेजात गेलो. पेटी उघडली ती तिथल्या रखवालदाराने. झाकण काढलं, माझा चेहरा दिसला, आणि तो झाकण तसंच हातात धरून जिना उतरला. नंतर सगळे हसले, तोही हसला, पण पुन्हा माझ्या खोलीत एकटा आला नाही.

त्या कॉलेजात माझं काम पाहुण्यांसाठी होतं. कुणी मोठे लोक यायचे म्हटलं की मला पुसून टेबलावर निजवायचे, एखादी मुलगी माझ्या छातीवर हात ठेवून उभी राहायची, फोटो निघायचा आणि मी परत कपाटात. मुलींना माझ्यावर सराव करायचा असे, पण मी महागाचा, खराब होईन म्हणून कुणी हात लावू देत नसे. एकदा वरच्या फळीवरून पडलो आणि माझी डावी पापणी अर्ध्यावर अडकली. तेव्हापासून मी डोळा मारल्यासारखा दिसतो. डोळा मारणारा पेशंट फोटोत शोभेना, म्हणून माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. मोडक्या खुर्च्यांमध्ये पडून राहिलो. कोळ्यांनी माझ्या उघड्या तोंडात जाळं विणलं. मी कुणाला काय सांगणार?

तिथून मला बाहेर काढलं बाईंनी.

बाई म्हणजे पन्नाशी उलटलेल्या, बुटक्या, खणखणीत आवाजाच्या. उभं आयुष्य त्यांनी अपघात विभागात नर्स म्हणून काढलं होतं, आणि आता त्या अँब्युलन्सवरच्या माणसांना शिकवत. पट्टी कशी बांधायची, सुई कशी द्यायची हे त्या शिकवत नसत. ते सगळ्यांना येतच असे. बाई शिकवत ते एकमेकांशी बोलायला. त्यांच्या नजरेसमोर जी माणसं हकनाक गेली, त्यातली बरीचशी औषध नव्हतं म्हणून गेली नाहीत, तर कुणी कुणाला काय सांगितलं याचा पत्ता नव्हता म्हणून गेली, असं त्या म्हणत.

त्यांनी माझ्या तोंडातलं जाळं बोटाने काढलं, छातीवर एक दाब दिला, 'टक्' ऐकलं आणि म्हणाल्या, "चालेल. हा येईल माझ्याबरोबर."

त्यांचं केंद्र म्हणजे अँब्युलन्सच्या शेडमागची एक लांबट खोली. खिडकीतून धुतलेल्या गाड्यांचं पाणी वाहताना दिसे. तिथे पहिल्याच दिवशी कुणीतरी माझा अर्धवट मिटलेला डोळा बघून म्हणालं, "यांना आजपर्यंत सगळ्यांनी बनवलेलं दिसतंय. हे आपले मामा." झालं, नाव पडलं ते पडलंच.

बाईंच्या हातात एक डबी असे. तिची वायर माझ्या बरगडीत जोडलेली. त्या डबीवरून त्या माझी नाडी चालवत आणि थांबवत. मी किती वेळा मेलो याची गणती नाही. मरायचं मला काही वाटत नसे. माझ्या मरणावर कुणाच्या घरी रडारड होणार नव्हती, आणि बाईंच्या मते माझा उपयोग तोच होता. त्या म्हणत, चुका इथे करा, मामांवर करा, ते कुरकुर करत नाहीत.

त्यांचा नियम साधा होता. आधी हाक मारा, मग काम सांगा. ज्याला हाक मारली त्याने ओ द्यायची आणि काम आपल्या तोंडाने परत म्हणायचं. काम झालं की 'झालं' असंही म्हणायचं, मनात नाही, मोठ्याने. "खोलीला सांगू नका," बाई म्हणत. "खोलीला कान नसतात. माणसाला सांगा."

ऐकणारे मान डोलवत. एवढंच ना, असं त्यांच्या तोंडावर दिसे. मग बाई माझी नाडी बंद करत आणि पाच मिनिटांत तीच माणसं खोलीला सांगायला लागत. 'जरा कुणीतरी बघा रे.' 'अरे, ते आणा.' 'झालं का ते?' कुणी, कुणाला, कोणतं, काही ठिकाणा नसे.

अशाच एका सकाळी ते तिघे आले, ज्यांच्यासाठी मी हे सगळं सांगतोय.

एक डॉक्टर मॅडम. कोवळ्या वयाच्या, हुशार, पण आवाज इतका बारीक की, त्या काही म्हणाल्या की लोक आधी एकमेकांकडे बघत. दुसऱ्या सिस्टर. मजबूत हाडाच्या, कामाला वाघ, कपाळावर कायम एक आठी. आणि तिसरा त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर. उंच, खांदे पुढे झुकलेला, स्टेअरिंगवर आणि पेशंटच्या छातीवर सारख्याच ताकदीने हात चालवणारा. त्यांच्या गाडीवर ड्रायव्हरलाही छाती दाबायला लागे, कारण माणसंच तेवढी.

ड्रायव्हर सिस्टरांचा धाकटा दीर. सख्खा. एकाच घरात राहणारी, एकाच स्कूटरवरून कामाला येणारी ही वहिनी-भाऊजींची जोडी. तो चालवायचा, त्या मागे बसायच्या, आणि दोघांच्या मध्ये एक फुगलेली पिशवी ठेवलेली असायची. वाटेत एक अक्षर नाही. दोघांनी अबोला धरला होता.

पण काम तर एका गाडीवर. मग बोलायचं कसं? तर माझ्यामार्फत.

"मामा, उजवीकडचा पट्टा सैल आहे म्हणावं," माझ्या कानाशी वाकून सिस्टर म्हणाल्या.

ड्रायव्हरने पट्टा आवळला आणि माझ्याकडेच बघत म्हणाला, "मामा, त्यांना सांगा, आवळला."

बाकीच्या गाड्यांवरची माणसं कडेला बसली होती, ती खो खो हसली. त्यांना वाटलं, गंमत चालली आहे. कुणी म्हणालं, मामांना पोस्टात लावा. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी डबी हातात घेतली.

त्या दिवशी मला धाप लागली होती, म्हणजे बाईंनी तसं ठरवलं होतं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ऑक्सिजन लावू या." कुणी, ते नाही. ड्रायव्हरने सिलेंडर आणून ठेवला. सिस्टरांनी मास्क माझ्या तोंडावर घट्ट बसवला. सिलेंडरची चावी कुणीच फिरवली नाही. आणणाऱ्याला वाटलं, लावणारा फिरवतो. लावणारीला वाटलं, आणणाऱ्याने फिरवूनच आणला. मग ड्रायव्हरचं लक्ष काट्याकडे गेलं. काटा शून्यावर होता. तो मला म्हणाला, हळूच, "मामा, सिलेंडर बघा म्हणावं."

मला म्हणाला! माझ्या तोंडावर मास्क, छातीत स्प्रिंग, आणि मी कुणाला सांगणार? सिस्टर माझ्या दुसऱ्या बाजूला होत्या, त्यांच्यापर्यंत ते पोचलं नाही. बाईंनी बटण दाबलं. मी मेलो.

बाईंनी फक्त विचारलं, "काटा कुणी पाहिला होता?" ड्रायव्हरने मान खाली घातली. त्याने पाहिलं होतं, सांगितलंही होतं, पण पुतळ्याला.

मग बाईंनी तिघांना स्पष्ट सांगितलं. तुम्ही आणखी दोनदा याल. तिसऱ्या वेळीही असंच दिसलं, तर मला ऑफिसला कळवावं लागेल की, या दोघांना एका गाडीवर ठेवू नका. सिस्टरांना नदीपलीकडच्या केंद्रात पाठवतील. तिथल्या पाळ्या वेगळ्या, बसही दोन बदलाव्या लागतात.

सिस्टरांच्या कपाळावरची आठी नाहीशी झाली आणि चेहरा एकदम रिकामा दिसला. ड्रायव्हर माझी बोटं उगाच सरळ करत बसला.

दोघांना त्याचा एवढा धसका का, ते संध्याकाळी कळलं. सराव कुठल्याही तुकडीचा असो, तो संपला की मला पुसायचं काम शेडमधल्या सगळ्यांकडे आळीपाळीने असे. त्या दिवशी ते ड्रायव्हरकडे होतं. एकटा माणूस पुतळ्याशी किती बोलतो हे मी जितकं जाणतो तितकं कुणी जाणत नसेल. स्पिरिटचा बोळा माझ्या ओठांवरून फिरवता फिरवता तो बोलायला लागला.

त्यांच्या घरी बाबा आहेत. त्याचे वडील, सिस्टरांचे सासरे. मोठा भाऊ जहाजावर नोकरीला, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. दिवसा शेजारच्या काकू बाबांकडे बघतात. पण बाबांची उजवी बाजू गेली आहे. त्यांना खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर करायला दोघं लागतात. सिस्टर खांदे धरतात, तो कंबर. एकट्याच्याने ते होत नाही. सिस्टर दुसऱ्या पाळीला गेल्या, तर संध्याकाळी बाबांना उचलणार कोण?

"आणि त्यांनाच निरोप्या केलंय आम्ही, मामा," तो म्हणाला. "वहिनी म्हणतात, बाबा, त्यांना सांगा, मी धरलंय. मी म्हणतो, बाबा, त्यांना म्हणावं, उचला. त्यांची जीभ वळत नाही धड. तरी बिचारे सांगतात."

बाबा असे झाले तो दिवस दोघांच्या सुट्टीचा होता. बाबा मोरीच्या दाराशी कोसळले. तोंड एका बाजूला गेलेलं बघताच दोघांनी ओळखलं, झटका आहे, आता एकेक मिनिट मोलाचं. दोघांचं कामच ते. सिस्टर ओरडल्या, "फोन करा." त्याच वेळी तोही अंगणातून धावत येत ओरडला, "फोन लावा." आणि मग दोघांनी आपापलं काम अगदी चोख केलं. सिस्टरांनी बाबांना कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं, मान धरली. तो धावत जाऊन रस्त्याच्या तोंडाशी उभा राहिला, कारण गाडीवाल्याला माहीत असतं की, घर शोधण्यातच वेळ जातो. तो हात वर करून उभा राहिला. गाडी येईना. शेवटी परत आला आणि विचारलं, "कुठपर्यंत आली?"

सिस्टरांनी वर पाहिलं. "तुम्ही फोन केलात ना?"

दोघांनाही वाटलं होतं, दुसऱ्याने केला.

बाबा वाचले, पण उजवी बाजू परत आली नाही. लवकर पोचले असते तर कदाचित आली असती. त्या रात्री दवाखान्यातल्या बाकावर तो म्हणून गेला की, तुम्ही नर्स असून फोन केला नाहीत. त्या म्हणाल्या, तुम्ही अँब्युलन्सवर असून केला नाहीत. त्यानंतर कित्येक महिने दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

सांगून झाल्यावर त्याने माझी पापणी बोटाने वर करायचा प्रयत्न केला, नेहमीप्रमाणे ती अर्ध्यावर अडकली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मामा, फोन माझ्या खिशातच होता."

पुढच्या आठवड्यात मला पुसायची पाळी सिस्टरांची आली. त्या फारसं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. माझ्या छातीतली फुप्फुसाची पिशवी बदलली, कातडी नीट ताणून बसवली, बटणं लावली. जाता जाता वळल्या. "मामा, त्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या, "पण फोन माझ्याच हाताशी होता. ओट्यावर. बघत होते मी त्याच्याकडे."

आता माझी अवस्था काय झाली असेल, विचार करा. दोघांनी एकच गोष्ट मला सांगितली, दोघांनी एकमेकांपासून लपवली, आणि दोघांच्या मधोमध मी, तोंड उघडं ठेवून. एरवी दिवसभर माझ्याकरवी निरोप पाठवत होते. हा एक निरोप पोचवायला मी काय वाट्टेल ते दिलं असतं.

दुसरा सराव आला. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी त्या दिवशी घरातला प्रसंग ठरवला. मी माझ्या घरात कोसळलोय, मदतीला जास्तीची माणसं हवीत, दुसरी गाडी बोलवायची आहे. डॉक्टर मॅडम माझ्यापाशी गुडघे टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "कुणीतरी फोन करा."

सिस्टरांच्या हातातली नळी तशीच राहिली. ड्रायव्हरने माझ्या छातीवर ठेवलेले हात उचलले आणि तो उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. बाईंनी बटण दाबलं नाही. त्यांनी आधी सिस्टरांकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"बाई, हे आमच्या घरी झालंय," सिस्टर म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ओट्यावरचा फोन तेवढा सोडून.

बाई स्टुलावर बसल्या. त्यांचा आवाज एरवी शेडपर्यंत जायचा, तो त्या दिवशी माझ्यापुरता झाला होता. "तुम्ही दोघंही हलगर्जी नव्हता," त्या म्हणाल्या. "दोघांनीही सांगितलं होतं. फक्त कुणी ओ दिली का, हे कुणी पाहिलं नाही. रोज हे माझ्यासमोर होतं. तुमच्या घरी झालं, एवढंच."

डॉक्टर मॅडम खाली बघत होत्या. त्या म्हणाल्या की, आत्ताची चूक माझी होती, मी कुणाला हाकच मारली नाही. मग बाईंना म्हणाल्या, "परत घेऊ या का?" आणि परत घेतलं. या वेळी त्यांनी हाक मारली, आवाज चिरका आला पण आला. 'सिस्टर'. 'ड्रायव्हरदादा'. दोघंही त्यांना ओ देत होते, काम परत म्हणत होते. मी जगलो. पण एकमेकांशी मात्र दोघं अजूनही माझ्यामार्फतच. इतक्या महिन्यांचं गप्प राहणं, ते काही खोकल्यासारखं एका ढासेत निघत नाही. जाताना बाई एवढंच म्हणाल्या की, तिसरा सराव गिरणीच्या आवारात घेऊ, मामांना गाडीतून तिकडे घेऊन या.

तर त्या सकाळी मी स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधलेला, सिस्टर आणि डॉक्टर मॅडम बाजूच्या बाकावर, ड्रायव्हर पुढे. बाई आधीच गिरणीत जाऊन थांबल्या होत्या. आजचा निकाल काय लागणार, हे तिघांच्याही मनात असणार. माझ्या तर होतंच.

एका शाळेपाशी गाडी करकचून थांबली. निळ्या शर्टातला एक माणूस दोन्ही हात हलवत रस्त्यात आला होता. तो शाळेचा चौकीदार. फाटकावर नाव रंगवणारा पेंटर शिडीवरून उतरला, घाम पुसला, आणि उभ्या जागी कोसळला, असं तो धापा टाकत सांगत होता.

स्ट्रेचर लागणार होतं आणि स्ट्रेचरवर मी. ड्रायव्हरने मला कवेत उचललं, पुढच्या सीटवर बसवलं आणि सवयीने पट्टाही लावला. त्यामुळे काचेतून मला सगळं समोर दिसत होतं. खिडकी उघडी होती.

पेंटर मधल्या वयाचा, अंगावर पिवळे डाग, हातात अजून ब्रश. डॉक्टर मॅडमनी मान चाचपली, छातीकडे पाहिलं. त्या कोवळ्या मॅडमचा आवाज त्या दिवशी कुठून आला कोण जाणे. "ड्रायव्हरदादा, छाती दाबा."

"छाती दाबतोय."

"सिस्टर, मास्क. ऑक्सिजन उघडा."

"मास्क लावते." मग लगेच, "ऑक्सिजन उघडलाय, काटा वर आहे."

"निळ्या शर्टवाले काका, तुम्ही. फाटक उघडं ठेवा आणि लोकांना मागे घ्या."

चौकीदाराला कुणी शिकवलं नव्हतं, पण तो भीतीने मोठ्यांदा म्हणाला, "फाटक उघडं, लोक मागे." आणि कामाला लागला. बाई तिथे असत्या तर त्यांनी त्याला पहिल्या रांगेत बसवलं असतं.

ड्रायव्हर मोजत होता. माणसाच्या छातीत 'टक्' नसतं, दिवा नसतो. खोल गेलं की नाही, हे हातालाच कळावं लागतं. त्याच्या हाताला कळत होतं, मी ते शपथेवर सांगेन. त्याने माझ्यावर ते घोटलं होतं.

डॉक्टर मॅडमनी शॉकच्या मशीनचे पट्टे पेंटरच्या छातीवर चिकटवले. सिस्टरांनी छातीवरचा घाम आणि रंग आधी पुसून घेतला होता. मशीन म्हणालं, शॉक द्या. मॅडम म्हणाल्या, "सगळे दूर." सिस्टरांनी श्वास देण्याची पिशवी उचलली. ड्रायव्हर मागे झाला, पण त्याचा डावा हात पेंटरच्या खांद्यावर राहिला. बाबांना उचलताना खुर्चीत टेकवल्यावर तो असाच हात खांद्यावर ठेवायचा, पडू नयेत म्हणून. हाताला सवय. डोळ्यांत घाम गेला होता, त्याला ते कळलंच नाही. मॅडमची नजर मशीनवर, बोट बटणावर.

ते फक्त सिस्टरांनी पाहिलं.

आणि तिथे मी नव्हतो. मी गाडीत, पट्ट्यात. बाबा घरी खाटेवर. मध्ये निरोप न्यायला कुणी नव्हतं.

"भाऊजी, हात काढा."

"काढला, वहिनी."

किती साधे शब्द. रोज कुठल्याही घरात कुणीतरी कुणाला म्हणत असेल. माझ्या छातीत स्प्रिंग आहे, तरी तिथे काहीतरी हललं.

मॅडमनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि बटण दाबलं. पेंटरचं अंग उसळलं. लगेच ड्रायव्हर परत छातीवर. दाबतोय, मोजतोय, आणि समोर सिस्टर, "भाऊजी, दमलात तर सांगा, मी घेते." "अजून नाही, वहिनी." तेवढ्यात पेंटरच्या घशातून घरघर आली. ब्रश धरलेली बोटं हलली. मॅडमनी मानेवर बोटं ठेवली, डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

नाडी होती.

त्याला स्ट्रेचरवर घेतलं. सिस्टरांनी खांदे धरले, ड्रायव्हरने कंबर. "धरलंय?" "धरलंय. उचला." यात त्यांचा हात बसलेलाच होता.

दवाखाना जवळच होता. ड्रायव्हर पुढे येऊन बसला, त्याच्या शेजारी पट्ट्यात मी. गाडी सुरू झाली. मागच्या छोट्या खिडकीकडे मान न वळवता तो म्हणाला, "वहिनी, पुढे रस्ता खराब आहे. धरून बसा." मागून आवाज आला, "धरलंय. तुम्ही चालवा." त्यांचे शब्द माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होते आणि मला कुणी काही सांगत नव्हतं. असं बिनकामाचं बसण्याचं सुख मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

दवाखान्यात पेंटरला आत नेलं. गाडीतून उतरवताना तो डोळे उघडून वर बघत होता. बाहेर पोर्चपाशी, माझ्या खिडकीसमोरच, नळ होता, तिथे दोघं हाताचा पिवळा रंग धुवत उभे राहिले. ऑइल पेंट तो, पाण्याने कसला जातो. तरी दोघं चोळत होते.

"वहिनी," ड्रायव्हर म्हणाला, "त्या दिवशी फोन माझ्या खिशात होता."

सिस्टरांनी नळ बंद केला. मग म्हणाल्या, "माझ्यासमोर होता. ओट्यावर."

इतके दिवस जे मी दोन्हीकडून धरून बसलो होतो, ते त्या नळापाशी माझ्या अंगावरून उतरलं. सिस्टर हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी हाताने डोळे पुसले, तर नाकावर पिवळा पट्टा उमटला. ड्रायव्हर म्हणाला की, बाबांना सांगायला हवं. सिस्टर म्हणाल्या, "सांगू. पण आता मध्ये कुणी नको. आपण दोघं सांगू."

गिरणीत बाई वाट बघून बघून कंटाळल्या होत्या. गाडी आत शिरली तर पुढच्या सीटवर पट्टा लावून मी ऐटीत बसलेलो. त्या काही विचारायच्या आत तिघंही एकदम बोलायला लागले. बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, एकेक जण, हाक मारून. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी डबी पिशवीत टाकली. तिसरा सराव त्यांनी घेतलाच नाही. ऑफिसला त्यांनी काय कळवलं, ते मला ठाऊक आहे, कारण ती जोडी अजून त्याच गाडीवर आहे.

घरी काय झालं, ते दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने माझे कान पुसता पुसता सांगितलं. दोघं बाबांसमोर बसले आणि फोनचं खरं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. दोघांना वाटलं, ते रडतील किंवा रागावतील. बाबांनी आपल्या जड जिभेने एकेक शब्द जुळवला. "मला... माहीत... होतं." मग थोडं थांबून म्हणाले, "सुटलो... एकदाचा. दमलो... तुमचे... निरोप... सांगून."

बाबा, मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. पण तुमचं ते वाक्य मला माझंच वाटलं.

पुढे महिन्या दोन महिन्यांनी तो पेंटर केंद्रात आला. बारीक झाला होता, काठीही होती. त्याला मला भेटायचं होतं. माझ्याकडे बघून म्हणाला, "हेच का ते मामा, ज्यांनी मला जागा करून दिली?" आणि जाण्याआधी त्याने खिशातून एक बारीक ब्रश काढून माझ्या अडकलेल्या डोळ्यावर छान भुवई काढून दिली. आता मी डोळा मारल्यासारखा नाही, विचारात पडल्यासारखा दिसतो, असं सगळे म्हणतात.

स्कूटरवरची ती फुगलेली पिशवी आता मध्ये नसते, पुढच्या हुकला अडकवलेली असते. आणि ती दोघं गप्प कसली बसतात! फाटकातून आत येतानाच त्यांचा वाद ऐकू येतो की, त्या दिवशी आधी कोण बोललं. सिस्टर म्हणतात, मीच बोलले, मी थोरली. ड्रायव्हर म्हणतो, पण सूचना होती ती, बोलणं मीच सुरू केलं, नळावर. डॉक्टर मॅडमना साक्षीला बोलावतात. मॅडम आता पेशंटपाशी खणखणीत बोलतात, पण या वादात मात्र पूर्वीसारखा बारीक आवाज काढतात.

मी आता जुना झालोय. स्प्रिंग सैल झाली आहे. 'टक्' कधी होतं, कधी कितीही दाबलं तरी होत नाही आणि दाबणाऱ्यालाच लाजवतं. केंद्रात नवा पुतळा आला आहे, तो खोकतो, घामाने भिजतो, त्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा येतं. मला कोपऱ्यातल्या बाकावर ठेवलंय, अगदी नवख्यांसाठी. वाईट वाटत नाही. माझं मुख्य काम पार पडलं आहे.

एवढंच सांगायचं होतं. तुम्ही अँब्युलन्सवर असा नाहीतर स्वयंपाकघरात, काही सांगायचं असेल तर ज्याला सांगायचं त्याला हाक मारा, आणि तुम्हाला कुणी हाक मारली तर ओ द्या. मनातल्या मनात दिलेली ओ कुणाला ऐकू जात नाही, माझ्यासारख्या जन्मभर गप्प राहिलेल्याचं तेवढं ऐका.

कालच एक नवी तुकडी आली. त्यातल्या दोघांचं सकाळी काहीतरी बिनसलं असावं. एक जण माझ्याकडे वाकून म्हणाला, "मामा, त्याला सांगा, पट्टी दे म्हणावं."

सिस्टर दारातून चालल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या आणि म्हणाल्या, "मामा रिटायर झालेत. तो समोर उभा आहे, त्यालाच सांग."